फोटोवाला कोण येणार?

तुळशीचं लग्न लागलं की ज्यांच्या घरात कार्य आहे त्यांचे फोन सुरू होतात. कार्यालय सहा-आठ महिने आधीच धरलेलं असतं. जिलेबी की गुलाबजाम यावर केटररबरोबर दोन बैठका झालेल्या असतात, लक्ष्मी रोडच्या चार फेऱ्या होऊन शालू घरी आलेला असतो, मेंदीवालीसुद्धा ठरलेली असते. आणि मग कुणीतरी सहज आठवल्यासारखं विचारतं, "अहो, फोटोवाला कुणी आहे का ओळखीचा?"

हा प्रश्न मला विचारणाऱ्या बायका अलीकडे वाढल्यात. त्याचं कारण आमच्याच घरात घडलेली गोष्ट, म्हणून ती आधी सांगते.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्यात झालं. वन्सं तशा व्यवहाराला पक्क्या. भाजी घेतल्यावर मूठभर कोथिंबीर वरती घेतल्याशिवाय त्या पाटीसमोरून हलत नाहीत. पण फोटोग्राफर ठरला तो अर्ध्या तासात. भाचीने इन्स्टाग्रामवर त्याचं पान पाहिलं होतं. एकेक फोटो असा की बघत राहावं. धुक्यातला घाट, दिव्यांच्या माळांखाली नवरा-नवरी, हळदीचा उडालेला रंग. ऑफिस चकचकीत, गृहस्थ बोलायला गोड. "काकू, तुम्ही निश्चिंत राहा, घरचंच कार्य आहे," असं म्हणून त्याने वन्संना कॉफी दिली. दोन दिवस, दोन फोटो कॅमेरे, दोन व्हिडिओ कॅमेरे, ड्रोन आणि दोन करिझ्मा अल्बम, सगळे मिळून साठ हजार. आठ दिवसांत पंचेचाळीस हजार भरले तर प्री-वेडिंग फुकट, अशी योजना होती. वन्संनी पाचव्या दिवशी भरले. पावती म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा.

लग्नाच्या दिवशी तो गृहस्थ आलाच नाही. दोन मुलं आली, एक फोटोला आणि एक व्हिडिओला. ड्रोनही नाही. मुलं गरीब होती बिचारी, पण त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "ताई, मुलाची आई कोणत्या?" असं ती सीमांतपूजनापासून विचारत होती. ऐन गडबडीत कोण कुणाला जाब विचारणार? सगळ्यांनी म्हटलं, चालायचंच, फोटो निघतायत ना!

त्या लग्नात माझ्या सासूबाई होत्या. वय शहाऐंशी. पावसाळ्यापासून त्या जवळजवळ अंथरुणालाच होत्या, पण नातीचं लग्न म्हणून हट्टाने उठल्या. नऊवारी नेसवून घेतली, ठेवणीतली नथ मागितली. चाकाच्या खुर्चीवरून त्यांना कार्यालयात आणलं आणि अंतरपाट दूर झाला त्या क्षणी त्या काठीला धरून, कुणाचा आधार न घेता उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. फेब्रुवारीच्या शेवटी त्या गेल्या.

तेराव्याला त्यांचा फोटो हवा होता. वन्संनी फोटोग्राफरला फोन लावला. लग्नाला अडीच महिने होत आले होते, तोवर "एडिटिंग चालू आहे" हे एकच उत्तर मिळत होतं. आता म्हणाला, "काकू, दोन दिवसांत पाठवतो." मग फोन उचलेना. मग एक निरोप आला, हार्ड डिस्क क्रॅश झाली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. आधार कार्डावरचा फोटो कसा असतो हे मी सांगायला नको.

हार्ड डिस्क क्रॅश झालेलीच नव्हती, हे कळायला जून उजाडला. भाचीचा मेकअप करणाऱ्या मुलीकडे त्या फोटो काढणाऱ्या मुलाचा नंबर होता. भाचीने फोन केला तर तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी सरांच्या तीन ऑर्डरी होत्या. आम्हाला बाहेरून घेतलं होतं. माझे सहा हजार अजून दिले नाहीत त्यांनी, म्हणून डेटा मी दिलाच नाही." म्हणजे आमच्या घरचं अख्खं लग्न सहा महिने एका परक्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये पडून होतं. व्हिडिओवाल्या मुलाने तर वाट पाहून, पुढची ऑर्डर आली तेव्हा कार्ड पुसून टाकलं. व्हिडिओ गेला तो गेलाच.

ही गोष्ट आमच्या घरची असली तरी तिचं मूळ या धंद्यातच आहे. पंचांगात चांगले मुहूर्त मोजके असतात. एकाच तिथीला गावात शेकडो लग्नं लागतात. ज्याचं नाव झालंय त्याच्याकडे एका दिवसाच्या चार-पाच विचारणा येतात आणि माणूस तर एकच. मग तो एका लग्नाला स्वतः जातो, बाकीच्या ठिकाणी रोजावर मुलं पाठवतो. यात वाईट काही नाही, चांगले, नावाजलेले लोकही असंच करतात. पण ते तसं आधी सांगतात, मुलं त्यांच्या नेहमीच्या हाताखालची असतात, आणि त्यांचे पैसे वेळेवर दिले जातात. आमच्या गृहस्थाने यातलं काहीच केलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पॅकेज किती, अल्बमला शीट किती, ड्रोन आहे का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा, की त्या दिवशी कॅमेरा हातात धरून नक्की कोण येणार? त्याचं नाव काय? त्याने काढलेले फोटो दाखवा. या प्रश्नाला जो "आमची टीम असते, काळजी करू नका" असं उत्तर देतो, त्याला एकदा पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर कॉफी पिऊन उठा.

दुसरी गोष्ट फोटो बघण्याची. इन्स्टाग्रामवर दिसतात ते निवडक पंचवीस-तीस फोटो. शंभर लग्नांतले मिळून पंचवीस चांगले फोटो कुणालाही दाखवता येतात. कधी ते त्याने काढलेलेही नसतात, दुसऱ्याचे उचललेले असतात. शंका आली तर तो फोटो मोबाइलमध्ये गूगल लेन्सवर टाकून बघा, बाहेर दुसऱ्या कुणाच्या नावाने सापडतो का ते कळतं. त्याच्या पानावरचे त्याने लावलेले फोटो बघण्यापेक्षा लोकांनी त्याला टॅग केलेले फोटो बघा, आणि त्याखालचं लिहिलेलं वाचा. "दादा, अल्बम कधी देताय" अशी केविलवाणी वाक्यं तिथे सापडतात.

आणि एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. हळदीपासून गृहप्रवेशापर्यंत. तेही आपल्यासारख्या लग्नाचे. रिसॉर्टवर संध्याकाळच्या उन्हात फोटो सगळ्यांचेच बरे येतात. पिवळ्या ट्यूबच्या कार्यालयात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला, समोर अक्षतांचा पाऊस आणि मध्ये गुरुजींचा हात असताना काय आलंय ते बघायचं असतं. अंतरपाट दूर होताना नवरीचा चेहरा टिपायला मिळतात दोन सेकंद. ते ज्याला साधलेलं नाही त्याचा धुक्यातला घाट घेऊन काय करायचं?

आधीच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर मागून त्यांना फोन करावा, हे सगळेच सांगतात. पण त्यांना "कसा आहे हो?" असं विचारू नये. आपली माणसं भिडस्त, "बरा आहे" म्हणून मोकळी होतात. विचारायचं ते हे, की लग्न कोणत्या तारखेला होतं आणि अल्बम कोणत्या तारखेला हातात पडला? ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का? तो स्वतः आला होता का? या तीन उत्तरांत माणूस कळतो.

आता कागदाचं. आपल्याकडे लिहून घ्यायला लाज वाटते. "ओळखीचाच आहे, कागद कसला?" मी म्हणते, ओळखीच्याकडून तर आधी घ्यावा, कारण भांडण झालं तर ओळखही जाते. वकील नको, स्टॅम्प पेपरही नको. दोन पानं पुरतात. कोणकोणते कार्यक्रम, कुठे, किती ते किती वाजेपर्यंत. कोण येणार, त्यांची नावं. काही कारणाने तो येऊ शकला नाही तर बदली कोण. फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत, किती शीटचा, जादा शीटला किती पैसे. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च कुणाचा. तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचं काय. करोनाच्या वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी घरांत नेमकं हेच भांडण झालं, कारण कुणाकडेही तसं लिहिलेलं नव्हतं. ड्रोन हवा असेल तर परवानगी कोण काढणार हेही लिहा. विमानतळाच्या किंवा लष्करी हद्दीच्या आसपास कार्यालय असेल तर तो असा कुणीही उडवू शकत नाही. काही कार्यालयं बाहेरच्या फोटोग्राफरकडून वेगळे पैसे घेतात, तेही आधीच विचारून ठेवा.

एवढं कुणी लिहून देत नसेल, तर व्हॉट्सअॅपवर आपणच सगळं लिहून पाठवावं आणि "बरोबर आहे ना?" असं विचारावं. "हो" एवढं उत्तर आलं तरी तो पुरावा आहे.

पैसे एकदम देऊ नयेत. आमच्या वन्सं फुकटच्या प्री-वेडिंगला भुलल्या. आठ दिवसांत भरा, आजच भरा, उद्या भाव वाढणार, असं म्हणणाऱ्याला पैशांची नड असते किंवा त्याला दुसऱ्याचं देणं भागवायचं असतं. थोडी रक्कम बुकिंगला, थोडी लग्नाच्या दिवशी आणि निदान तिसरा हिस्सा अल्बम हातात आल्यावर. अगदी शेवटी पाच हजारच ठेवले तर त्या पाच हजारांसाठी तो कशाला धावेल? रक्कम धंद्याच्या खात्यावर द्या, बायकोच्या नाहीतर मेहुण्याच्या नंबरवर नको. आणि तो वर अठरा टक्के जीएसटी मागत असेल तर बिलावर जीएसटी नंबर हवा. तो खरा आहे की नाही हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर मिनिटभरात कळतं.

यापुढचं मी आमच्या घरच्या अनुभवावरून शिकले, आणि एक वेळ बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. एक टीबीची हार्ड डिस्क आपली आपण विकत घ्या. लग्नानंतर आठ दिवसांच्या आत सगळे फोटो, सगळा व्हिडिओ, निवडलेला नव्हे, एडिट केलेला नव्हे, आहे तसा, त्या डिस्कवर उतरवून घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवा. काही फोटोग्राफर कुरकुर करतात. कच्चे फोटो बाहेर गेले तर आपलं नाव खराब होईल अशी त्यांना भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. त्यांना सांगा, आम्ही ते कुठे लावणार नाही, फक्त जपून ठेवू. तुमची डिस्क क्रॅश झाली तर आमची असेल. तोवर मूळ कार्ड पुसू नका, हेही सांगा. कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात का, हा प्रश्नही विचारून बघा. अशा कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरवायची सोय असते, एक बिघडलं तरी दुसऱ्यावर राहतो. प्रश्न तांत्रिक वाटला तरी विचारा. चांगला फोटोग्राफर या प्रश्नाने खूश होतो.

पूर्वी हे प्रश्न नव्हते. माझ्या लग्नात गल्लीतलेच फोटोवाले काका होते. छत्तीस फोटोंचा एक रोल, असे चार रोल. काका जेवायच्या पंगतीत आमच्या शेजारी बसले होते आणि निगेटिव्ह त्यांनी पाकिटात घालून आईच्या हातात दिल्या. त्या अजून कपाटात आहेत. आज दोन दिवसांत हजारो फोटो निघतात आणि घरात एकही नसतो.

दुसरं म्हणजे माणसांची यादी. परक्या मुलाला काय माहीत, की कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली म्हातारी ही नवरीची आजी आहे? तो आपला स्टेजकडे तोंड करून उभा. घरातल्या एका हुशार भाच्याला किंवा पुतणीला एवढंच काम द्या. फोटोग्राफरबरोबर राहायचं आणि ही आजी, हे काका, ही लांबून आलेली मावशी, असं दाखवत जायचं. यादी लिहून आदल्या दिवशीच द्या. वयस्कर माणसांचे फोटो सकाळी, ती ताजी असताना काढून घ्या. वरातीपर्यंत त्यांची मान खांद्यावर पडलेली असते. आणि मंगलाष्टकं चालू असताना समोर चार जणांची भिंत करायची नाही, हेही जाता जाता सांगा. हल्ली लग्नाला जाऊन वऱ्हाडी मंडळींना दिसतात त्या फोटोग्राफरांच्या पाठी.

मुलींच्या दृष्टीने एक गोष्ट आणखी. नवरी तयार होत असतानाचे फोटो आता सर्रास काढतात. त्या खोलीत कोण येणार हे तिने स्वतः ठरवावं. बाईमाणूस हवी असेल तर तसं बुकिंगलाच सांगावं, अशा फोटोग्राफर मुली आता बऱ्याच आहेत. आपले फोटो त्याने स्वतःच्या जाहिरातीला वापरायचे की नाहीत हेही आपल्याच हातात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारे असतात. करारात तो हक्क त्याने गुपचूप स्वतःकडे घेतलेला असतो, म्हणून सही करताना ते वाक्य शोधा. विचारल्याशिवाय फोटो कुठे लावायचे नाहीत, असं एक वाक्य आपलंही घालून टाका.

फोटोग्राफरांचीही बाजू आहे, ती न सांगणं बरोबर नाही. माझ्या ओळखीचे एक जण पंचवीस वर्षं या धंद्यात आहेत. ते म्हणतात, "वहिनी, अल्बम उशिरा होतो तो आमच्यामुळे निम्म्या वेळा. उरलेल्या वेळी फोटोच निवडून देत नाहीत लोक." हे खरं आहे. दोन हजार फोटोंतून अडीचशे निवडायचे म्हणजे सासर-माहेरची पंचायत बसते आणि सहा महिने जातात. साठ हजारांचं काम पस्तिसात करून घ्यायचं, वर रात्री बारापर्यंत उभं ठेवायचं, आणि त्या मुलांना जेवायला वाढायचं कुणाच्या लक्षातही नाही. घासाघीस इतकी करू नये, की त्याने आपल्याकडे शिकाऊ पोरगं पाठवावं. फोटो आपणही पंधरा दिवसांत निवडून द्यावेत, तेही कागदावर यावं.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर? आधी लेखी कळवा, अमुक तारखेपर्यंत द्या म्हणून. नाही दिलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिला पैसे पडत नाहीत. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात एक मोठी सोय आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. लग्न पुण्यात, फोटोग्राफर मुंबईचा आणि आपण सांगलीच्या, तर सांगलीतच करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते. दिलेले पैसे आणि झालेल्या मनस्तापाची भरपाई, दोन्ही मागता येतं. मुदत दोन वर्षांची, म्हणून "देईल, देईल" करत बसू नका. आणि आगाऊ रक्कम ऑनलाइन घेऊन जो नाहीसाच झाला, ज्याचा पत्ताही खोटा निघाला, त्याच्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. तिथे मात्र त्याच दिवशी फोन करायचा, उशीर झाला की पैसे खात्यातून पुढे गेलेले असतात.

वन्संनी नोटीस पाठवली, १९१५ वर तक्रारही केली. आयोगापर्यंत जावं लागलं नाही. त्या गृहस्थाने वीस हजार परत केले, तेही दोन हप्त्यांत. कार्डाच्या मागचा तो आकडा आणि यूपीआयच्या नोंदी, एवढाच पुरावा होता आमच्याकडे. कागद असता तर जास्त मिळाले असते.

त्या मुलाचे सहा हजार भाचीने स्वतः दिले. आम्ही म्हणत होतो, कशाला? ती म्हणाली, "मामी, त्याने काम केलंय ना?" त्याने अकराशे चाळीस फोटो डिस्कवर उतरवून दिले. सासूबाई त्यातल्या पाचांत होत्या. अंतरपाटाच्या वेळचा एकही नाही, तेव्हा तो मुलगा पलीकडे होता. चारांत कुणाचा तरी पदर नाहीतर खांदा मध्ये आलेला. पाचवा मात्र त्याने, त्या कोण आहेत हे माहीत नसताना, आपल्याच मनाने काढलेला. पंगती उठून गेल्यात, सासूबाई खिडकीपाशी एकट्या बसल्यात, नथ टोचत असणार म्हणून काढून मुठीत धरलेली आणि गालात विडा. तो आता आमच्या हॉलमध्ये आहे.

या मार्गशीर्षात भाच्याचं लग्न आहे. फोटोला तोच मुलगा येणार आहे, आता त्याचा स्वतःचा छोटा स्टुडिओ झालाय. त्याच्याकडूनही वन्संनी दोन पानं सही करून घेतली, आणि आज्यांची यादी वेगळी जोडली. मुलाकडच्या दोन आणि मुलीकडची एक.